३६० अंशांच्या टूरमध्ये बाण लावताना: हॉटस्पॉटची ओळख आणि पहिली टूर

३६० फोटो काढणं आता सोपं झालंय. दोन भिंगांचा कॅमेरा काठीवर लावला, आपण आडोशाला गेलो, बटण दाबलं, झालं. गाडी अडते ती पुढे. दहा-बारा फोटो जमतात, प्रत्येक गोल फिरवून बघता येतो, पण एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. दारावर क्लिक केलं की आत पोचायचं, पाटीवर क्लिक केलं की माहिती उघडायची, हे ज्या ठिपक्यांमुळे होतं त्यांना हॉटस्पॉट म्हणतात. कल्पना जुनीच आहे. ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरमध्ये नव्वदच्या दशकातच ते होते. मग बरीच वर्षं हे काम फ्लॅश या ब्राउझरमध्ये वेगळ्या टाकाव्या लागणाऱ्या प्लगइनवर चाललं. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं, आणि आता सगळं ब्राउझरमध्येच चालतं. बघणाऱ्याला वेगळं काही टाकून घ्यावं लागत नाही.

उदाहरणाला मी पुण्याचा शनिवारवाडा घेतोय. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, तटबंदी आणि दरवाजे राहिले, आत बहुतेक नुसती जोती. प्रत्यक्ष गेलेला माणूसही हिरवळीवर उभा राहून ‘इथे नक्की काय होतं?’ असं विचारतो. अशा जागी माहितीच्या ठिपक्यांशिवाय टूरला काही अर्थच उरत नाही. शिवाय वाड्याचा मुख्य दरवाजा, म्हणजे दिल्ली दरवाजा, उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिशांचा हिशेब समजावणं सोपं जातं. तुमच्याकडे कोकणातला होमस्टे असेल, शाळा असेल, मंगल कार्यालय असेल, तरी पद्धत हीच. मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड घेऊन जाणार असाल तर आधी परवानगीचं विचारून घ्या, गेटवर हुज्जत नको.

आधी कागद

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका कागदावर जागेचा ढोबळ नकाशा काढा. जिथे जिथे कॅमेरा ठेवणार तिथे गोल, आणि चालत जाता येईल अशा दोन गोलांमध्ये रेघ. ही रेघ म्हणजे दोन बाण: एक जायचा, एक यायचा. यायचा बाण विसरणं ही नवख्यांची ठरलेली चूक. बघणारा आत जातो आणि कोंडला जातो.

रेघा फक्त शेजारच्या गोलांमध्ये काढा. पटांगणातून सगळंच दिसतं म्हणून पटांगणातून सगळीकडे बाण सोडले, तर पडद्यावर बाणांची जत्रा भरते आणि लांबचे दोन बाण एकमेकांवर चढतात.

गोल कुठे हवेत? जिथे रस्ता वळतो तिथे हवाच. शनिवारवाड्यात हे छान दिसतं. दिल्ली दरवाजातून आत शिरलं की सरळ वाड्यात जाता येत नाही. आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळावं लागतं. शत्रूने दरवाजा फोडला तरी त्याला जोरात मुसंडी मारता येऊ नये म्हणून ही रचना. आता तुम्ही एक फोटो दरवाजाबाहेर काढला, दुसरा थेट आतल्या मोकळ्या जागेत, आणि मध्ये बाण जोडला, तर बघणाऱ्याच्या डोक्यात दरवाजा आणि पटांगण एका सरळ रेषेत बसतात. वळण गायब, आणि त्या वळणामागची अक्कलही गायब. वळणावर एक फोटो काढलाच पाहिजे.

फोटो काढताना दोन गोष्टी

कॅमेऱ्याची उंची सगळीकडे सारखी ठेवा. दीड मीटरच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांजवळपास. एक फोटो दीड मीटरवरून आणि पुढचा कमरेइतक्या उंचीवरून असला, तर क्लिक केल्यावर आपण एकदम खाली बसल्यासारखं वाटतं.

दुसरं, प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते कागदावर त्या गोलाशेजारी बाणाने दाखवून ठेवा. हा बाण पुढे तुमचे कितीतरी तास वाचवणार आहे. फोनमधल्या होकायंत्रावर फार विसंबू नका, लोखंडाजवळ ते भरकटतं, आणि दिल्ली दरवाजाला तर खच्चून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. घरी येऊन उपग्रह नकाशात बघून दिशा पक्की करणं जास्त भरवशाचं.

कॅमेऱ्यातून निघणारं जोडलेलं चित्र नेमकं दुप्पट रुंद असतं, कारण रुंदीत ३६० अंश आणि उंचीत १८० अंश मावतात. मूळ फोटो जपून ठेवा आणि वेबसाठी ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेलची प्रत करा. याहून मोठं चित्र काही जुन्या फोनांना एका घासात उचलत नाही, आणि मग तिथे टूरऐवजी काळा पडदा किंवा चूक झाल्याचा संदेश दिसतो. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. देवनागरी नाव तुमच्या संगणकावर चालेल, पण सर्व्हरवर कधी दगा देईल सांगता येत नाही.

कुठलं साधन घ्यायचं

कोड बघूनच धडकी भरत असेल तर मार्झिपानो टूल वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, फोटो त्यात ओढून टाकायचे. वरून ‘लिंक हॉटस्पॉट’ निवडला की बाण येतो, तो दारावर ओढून ठेवायचा आणि यादीतून पुढचा फोटो निवडायचा. ‘इन्फो हॉटस्पॉट’मध्ये शीर्षक आणि मजकूर लिहायचा. शेवटी एक्सपोर्ट केलं की झिप फाइल मिळते, ती आपल्या सर्व्हरवर चढवायची. दुपारच्या चहाआधी सुरुवात केलीत तर संध्याकाळपर्यंत टूर उभी राहते.

त्यात एक अडचण मात्र आहे. प्रत्येक फोटोला एकच सुरुवातीची नजर ठरवता येते. तुम्ही पूर्वेकडून या नाहीतर पश्चिमेकडून, क्लिक केल्यावर तोंड त्या एकाच दिशेला होतं. चार खोल्यांच्या फ्लॅटला हे चालून जातं. चहूकडून येता येईल असं पटांगण असलं की बघणारा गोंधळतो: आत्ता तर पुढे गेलो, मग समोर मागचंच दार कसं? माझ्या मते व्हर्च्युअल टूर चांगली की वाईट हे फोटोच्या स्पष्टपणापेक्षा यावरच जास्त ठरतं. बाणावर क्लिक केल्यानंतर माणूस कुठे तोंड करून उभा राहतो, ते बघा.

म्हणून थोडी मेहनत करायची तयारी असेल तर पॅनेलम घ्या. तेही फुकट, मुक्त परवान्याचं, वजनाने हलकं. प्रत्येक बाणाला वेगळी नजर देता येते. पैसे खर्चायचे तर केआरपॅनो, पॅनो टू व्हीआर, थ्रीडी व्हिस्टा आहेत. धंदा म्हणून हे काम करणारे बहुतेक यांपैकीच काहीतरी वापरतात. पण हॉटस्पॉट म्हणजे काय हे एकदा हाताने लिहून समजलं की कुठल्याही साधनात तुम्ही चाचपडणार नाही. पुढचं सगळं पॅनेलम धरून.

पहिला बाण

पॅनेलमची संकेतस्थळावरून मिळणारी फाइल, तुमचे फोटो आणि एक साधं वेबपान एकाच फोल्डरमध्ये ठेवा. ते पान नुसतं डबल क्लिक करून उघडलंत तर फोटो येणार नाही, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी असं करू देत नाही. संगणकावरच छोटा सर्व्हर चालवावा लागतो. व्हीएस कोड हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘लाइव्ह सर्व्हर’ नावाचं एक्स्टेन्शन टाका, एका बटणावर काम होतं.

पानात एक मांडणी लिहायची असते. तिचे दोन भाग. पहिला ‘डीफॉल्ट’, त्यात टूर कुठल्या फोटोपासून सुरू होणार ते सांगायचं (‘फर्स्ट सीन’). दुसरा ‘सीन्स’, त्यात प्रत्येक फोटोचं एक टोपणनाव, फाइलचं नाव, प्रकार ‘इक्विरेक्टँग्युलर’ (तेच दुप्पट रुंद जोडलेलं चित्र), आणि त्या फोटोतल्या हॉटस्पॉटची यादी. ही सगळी नावं अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने लिहायची. दोन शब्दांचं नाव असलं की ते जोडून लिहायचं आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचं. ‘हॉट स्पॉट्स’मध्ये एस मोठा, ‘सीन आयडी’मध्ये आय मोठा. ‘यूआरएल’ची तिन्ही अक्षरं मोठी. एक अक्षर लहान-मोठं झालं तरी पॅनेलम तक्रार करत नाही, फक्त तो बाण गपचूप दिसेनासा होतो किंवा क्लिक केल्यावर काहीच करत नाही.

एका बाणाला काय काय लागतं? दोन आकडे, जे त्याची जागा सांगतात: ‘यॉ’ म्हणजे डावी-उजवीकडे किती, आणि ‘पिच’ म्हणजे वर-खाली किती. मग प्रकार: दुसऱ्या फोटोत नेणारा असेल तर ‘सीन’, माहितीचा किंवा बाहेरच्या लिंकचा असेल तर ‘इन्फो’. मग ‘टेक्स्ट’, म्हणजे माऊस वर नेल्यावर दिसणारा मजकूर. आणि ‘सीन आयडी’, म्हणजे ज्या फोटोत जायचं त्याचं टोपणनाव.

फोटोचा मध्य म्हणजे यॉ शून्य. उजवीकडे अधिक १८० पर्यंत, डावीकडे उणे १८० पर्यंत. क्षितिज म्हणजे पिच शून्य, वर अधिक, खाली उणे. हे आकडे मिळवायचे कसे? मांडणीत ‘हॉट स्पॉट डीबग’ चालू करा, टूर उघडा, एफ १२ दाबून कन्सोल (ब्राउझर नोंदी आणि चुका छापतो ती खिडकी) उघडा आणि दाराच्या उंबऱ्यावर क्लिक करा. कन्सोलमध्ये त्या बिंदूचे पिच आणि यॉ छापले जातात. ते उचलून मांडणीत चिकटवा. टूर लोकांना देण्याआधी डीबग बंद करायला विसरू नका.

फोटो एडिटरमध्ये बसून काम करायची सवय असेल तर साधं त्रैराशिक करा. ४०९६ पिक्सेल म्हणजे ३६० अंश, तेव्हा एक अंश म्हणजे ११.४ च्या आसपास पिक्सेल. समजा उंबरा डावीकडून २७३१ व्या आणि वरून ११३८ व्या पिक्सेलवर आहे. २७३१ ला ४०९६ ने भागून ३६० ने गुणलं की २४०, त्यातून १८० वजा, यॉ ६०. तसंच ११३८ ला २०४८ ने भागून १८० ने गुणलं की १००, ते ९० मधून वजा, पिच उणे १०.

तोंड कुठे

आता मुख्य काम. ‘टार्गेट यॉ’ या नावाने प्रत्येक बाणाला सांगता येतं की पोचल्यावर नजर कुठे असावी. आकडे अंदाजाने घालत बसलात तर वैतागून जाल. कागदावर नोंदवलेल्या दिशा काढा.

नियम एवढाच: एखाद्या गोष्टीची खरी दिशा, उणे फोटोच्या मध्याची (म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाची) खरी दिशा, बरोबर यॉ. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आलेला आकडा १८० च्या वर गेला तर ३६० वजा करा, उणे १८० च्या खाली गेला तर ३६० मिळवा.

पहिला फोटो दिल्ली दरवाजाबाहेरचा. कॅमेऱ्याचं तोंड दरवाजाकडे, म्हणजे दक्षिणेला, १८०. दरवाजाही दक्षिणेलाच आहे, म्हणून आत जाणाऱ्या बाणाचा यॉ १८० उणे १८०, शून्य. बाण अगदी समोर.

दुसरा फोटो आतल्या वळणावरचा. समजा इथे कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला होतं, २७०. आपण दक्षिणेकडे चालत आलोय, तेव्हा पोचल्यावरही तोंड दक्षिणेला हवं: १८० उणे २७०, उणे ९०. हा झाला टार्गेट यॉ. परतीचा बाण उत्तरेला: शून्य उणे २७०, म्हणजे उणे २७०, त्यात ३६० मिळवले की ९०. पुढचा रस्ता उजवीकडे, पश्चिमेला: २७० उणे २७०, शून्य.

इथे नियम पाळला की एक गंमत होते. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर समोर भिंत येते, आणि पुढचा बाण उजव्या कडेच्या पलीकडे लपतो. पॅनेलम एरवी पडद्याच्या रुंदीत १०० अंश दाखवतं, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ५०. पश्चिम तर ९० अंश दूर आहे. अशा वेळी नजर अर्धी वळवून द्या: नैर्ऋत्येला, २२५. टार्गेट यॉ होतो उणे ४५. आता डावीकडे समोरची भिंत, उजवीकडे पुढचा रस्ता, दोन्ही दिसतात, आणि बघणाऱ्याला आपण उजवीकडे वळतोय हे न सांगता कळतं. वळणाच्या प्रत्येक फोटोला एवढी सवलत द्या. सरळ चालीच्या फोटोंना गरज नाही.

सरळ चालीसाठी तर पॅनेलममध्ये आयती सोय आहे. प्रत्येक फोटोला ‘नॉर्थ ऑफसेट’ म्हणून मध्याची खरी दिशा लिहून ठेवा आणि टार्गेट यॉच्या जागी आकड्याऐवजी ‘सेम ॲझिमथ’ लिहा. निघताना जिकडे तोंड होतं तिकडेच पोचल्यावरही राहतं. बघणारा मान वळवून दारावर क्लिक करत असेल तर तीच वळलेली मान पुढेही टिकते. पटांगणासारख्या मोकळ्या जागेत मी आकडे घालतच नाही, हेच वापरतो.

बाण जमिनीवर

बाण हवेत लटकवू नका. पाय जिथे पडणार तिथे, म्हणजे उंबऱ्यापाशी किंवा फरशीवर ठेवा. कॅमेरा दीड मीटर उंच असेल तर तीन मीटरवरची जमीन पिच उणे २७ च्या जवळपास येते, सहा मीटरवरची उणे १४, दहा मीटरवरची उणे ८ किंवा ९. त्यापलीकडच्या जागा क्षितिजाला चिकटतात, तिथे बाण जमिनीवर न ठेवता त्या दारावर किंवा कमानीवरच ठेवलेला बरा. माहितीचे ठिपके मात्र वस्तूवरच हवेत, म्हणजे खालचे चालायचे आणि वरचे वाचायचे हा फरक बघणाऱ्याच्या हाताला आपोआप कळतो. जिना असेल तर पहिल्या पायरीवर बाण द्या. नगारखान्यावर जायचं तर वरच्या खिडकीवर नव्हे, जिन्याच्या तोंडाशी.

माहितीचा ठिपका

वाड्यातल्या हजारी कारंज्यापाशी ठिपका ठेवून तुम्ही कारंज्याचा सगळा इतिहास त्यात कोंबलात तर कोणी वाचणार नाही. टूलटिप, म्हणजे माऊस वर नेल्यावर उघडणारी मजकुराची चौकट, लहान असते. ‘हजारी कारंजे: सोळा पाकळ्यांचं कमळ’ एवढं पुरे. पुढचं वाचायचं असेल त्याच्यासाठी त्याच ठिपक्याला यूआरएल द्या. क्लिक केलं की ते पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि टूर मागे तशीच राहते.

होमस्टेच्या टूरमध्ये हेच ठिपके पैसे मिळवून देतात. अंगणातल्या पाटीवर गूगल मॅप्सची लिंक, खोलीच्या दारावर बुकिंगच्या पानाची, स्वयंपाकघरात जेवणाच्या यादीची. पण दर भिंतीवर ‘बुक करा’ लिहिलंत तर माणूस घर बघणार कधी? एका फोटोत बाहेर नेणारी एक लिंक, फार तर दोन.

मराठी मजकुरासाठी दोन सांभाळायच्या गोष्टी. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी गिचमिड दिसेल. आणि टूलटिपचा फाँट देवनागरी नीट दाखवणारा घ्या, ओळीची उंची जरा वाढवा. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत वेलांट्या आणि उकार कापले जातात. मजकूर वर्डमधून आणला तर अवतरणचिन्हं वाकडी येतात आणि त्या वाकड्या चिन्हांमुळे सगळी मांडणी कोसळते. व्हीएस कोड किंवा नोटपॅडमध्ये लिहा.

बिघडलं तर

पडदा नुसता कोरा आला तर बहुतेक वेळा स्वल्पविरामाचा घोळ असतो: दोन हॉटस्पॉटच्या मध्ये राहिला, किंवा महिरपी कंस कुठेतरी बंद करायचा राहिला. कन्सोलमध्ये ओळीचा क्रमांक लाल अक्षरांत दिसतो, चूक तिथे किंवा एक ओळ वर असते. बाण दिसतोय पण क्लिक केल्यावर चूक दाखवतो? सीन आयडी आणि खालचं टोपणनाव जुळत नाही. तुमच्याकडे चालतंय आणि सर्व्हरवर नाही? फाइलच्या नावातलं एखादं अक्षर तिकडे मोठं आहे. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. बदल केलाय तरी जुनंच दिसतंय? कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा, ब्राउझर जुनी प्रत सोडून देतो.

मग फोन हातात घ्या. फोनवर माऊस नाही, वर नेल्यावर दिसणारा मजकूर बोटाने टेकवल्याशिवाय येत नाही. म्हणून बाणाचा आकार बघूनच ‘इथून जाता येतं’ हे कळलं पाहिजे, आणि अंगठ्याने शेजारचा बाण दाबला जाणार नाही इतकं अंतर हवं. घरातल्या कोणाला तरी, शक्यतो कॉम्प्युटरशी फारसं सख्य नसलेल्या माणसाला, काही न सांगता फोन द्या आणि नुसतं बघत बसा. ‘दरवाजाबाहेर परत जाऊन दाखवा’ म्हणा. जिथे त्यांचं बोट थबकतं तिथला बाण हलवायचा.

फोटोत आलेले चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसट करून घ्या; ३६० फोटोत आपल्या पाठीमागचंही सगळं येतं, हे घरी येईपर्यंत लक्षात राहत नाही. मग फोल्डर चढवा. गिटहब पेजेस या संकेतस्थळं ठेवायच्या सेवेवर फुकटात चालतं. दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत टूर बसवणार असाल तर त्या चौकटीला पूर्ण पडद्याची परवानगी द्यायला हवी, नाहीतर कोपऱ्यातलं मोठं करायचं बटण चालत नाही आणि लोक तुम्हाला फोन करून विचारतात.